सावलीतली हाडे

आपल्या घरांत एक दृश्य हमखास दिसते. पन्नाशीला आलेली अम्मी सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकते. काही महिन्यांनी जानमाजशेजारी खुर्ची येते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "उमर झाली आता." लग्नातला जुना फोटो निघाला की ती हळूच म्हणते, "तेव्हा मी अशी नव्हते." पुढे रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघते आणि डॉक्टर औषध लिहून देतात. बारा महिने ऊन असलेल्या मुलखात हे जीवनसत्त्व कमी कसे पडते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा आपल्या नाशिकमध्ये सापडतो. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात मुलांचा मुडदूस आणि मोठ्या बायकांची हाडे मऊ पडण्याचा आजार यांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. मुडदूस हा गरिबीचा आणि निकस आहाराचा रोग, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. नाशिकमध्ये उलटेच दिसले. ज्यांच्या घरी दूध-तुपाची ददात नव्हती, पण बायका गोषात होत्या, तिथे आजार होता. तुटपुंज्या अन्नावर जगणाऱ्या, पण उघड्यावर राबणाऱ्या बायकांच्या घरी तो क्वचितच आढळत होता. आई अंधाऱ्या माजघरात, म्हणून तिचे तान्हे मूलही अंधारात. मजुरणीचे मूल मात्र तिच्याबरोबर उन्हात.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. आजारी घरांत मुसलमानांची घरे होती, तशीच उच्चवर्णीय हिंदूंचीही होती. गोषा तेव्हा दोन्हीकडे प्रतिष्ठेचा मानला जाई.

मोठ्या माणसाची हाडे अशी मऊ पडतात त्या आजाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. अन्नातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः त्वचेवर पडलेल्या उन्हाने तयार होते. ते मिळाले नाही की कंबर-मांड्या दुखतात, चाल बदलते. लागोपाठच्या बाळंतपणांत आईच्या हाडांवर आणखी ताण येतो. कमरेच्या हाडांचा आकार बिघडला की मूल अडते आणि अनेकदा आई किंवा मूल, कधी दोघेही दगावतात. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली याच विषयावर पुस्तक लिहिले आणि उजेडाच्या अभावावर बोट ठेवले.

यातली क्रूर विसंगती पाहा. त्या काळी घरंदाज स्त्रीचे रूप कोणते? गोरी, नाजूक, ऊन न लागलेली. स्थळ सांगताना "मुलीने कधी उंबरा ओलांडला नाही" हा गुण म्हणून सांगितला जाई. रापलेली, काटक मजूर बाई कोणाला सुंदर वाटत नव्हती. समाजाने ज्या शरीराला सुंदर म्हटले, तेच आतून खचत होते.

मग दोष पडद्याचा का? मला वाटते, दोष कोंडण्याचा होता. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम १९०१ मध्ये गादीवर बसल्या तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. बुरखा घालून त्यांनी पंचवीस वर्षे राज्य केले, हज केला, विलायतेचा प्रवास केला आणि आरोग्यावर उर्दूत पुस्तके लिहिली. १९०९ मध्ये त्यांनी भोपाळच्या स्त्रियांसाठी क्लब काढला. पडदा सांभाळून बायकांनी घराबाहेर यावे, एकमेकींना भेटावे, आरोग्यावरची व्याख्याने ऐकावीत, अशी ती जागा होती. १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आपल्याकडे ज्या वयात बाईला "आता बस झाले" म्हणतात, त्या वयात त्यांचे काम सुरू झाले होते.

आज तशी माजघरे उरली नाहीत, पण दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, अरुंद गल्ली आहे आणि बायकांना बसायला बाग नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हेही अनेकींना ठाऊक नसते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. म्हणजे चालायची, ओझे उचलायची, उन्हात बसायची खरी गरज याच वयात असते. नेमके तेव्हाच आपण तिला खुर्ची देतो आणि मोकळे होतो.

हजरत आयशा (र.) यांची एक हदीस आहे. पैगंबरांबरोबर (स.) त्या धावण्याच्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा त्या हरल्या. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे. अंग भरले हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि अंग भरले म्हणून धावायचेही राहिले नाही. हजला गेलेली आपली आई सफा-मरवामध्ये तीन किलोमीटरच्या आसपास चालते. तिला चालता येते, हे आपल्याला तिथे कळते. मग मोहल्ल्यातच तिला वाट का मिळत नाही?

कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारून जरूर द्या. पण गच्चीची किल्ली तिच्या हाती द्या, आणि असरनंतर चहा करायला दुसऱ्या कोणाला तरी उठू द्या. ती चालून येईल.