सातबारा हरवला म्हणून वावर हरवत नाही

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी, शाळेत, वाचनालयात एखादी जुनी हार्ड डिस्क कपाटात पडून आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत आम्ही चार-पाच जणांनी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. आष्टीच्या 1942 च्या गोष्टी घरात ऐकत वाढलेली माणसं, विनोबांना पवनारला पाहिलेली माणसं, पुलगावच्या मिलमध्ये उमर घालवलेली माणसं. सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. तिचे दोन पार्टिशन केले होते. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात जुने फोटो आणि स्कॅन केलेले कागद. दुसरी प्रत? "करू न, घाई काय," म्हणत राहिलो.

मग एका संध्याकाळी लॅपटॉपवर विंडोज टाकायला बूटेबल पेन ड्राइव्ह बनवायला बसलो. यादीत पेन ड्राइव्हऐवजी ती डिस्क निवडली आणि "हो" दाबलं. चूक कोणाची नाही, माझीच. दहा मिनिटांनी डिस्क उघडली तर आत फक्त विंडोजच्या फाइली. दोन्ही पार्टिशन गायब.

"गेलं बाप्पा सगळं," माझ्या तोंडून निघालं. शेजारी भाचा होता. तो म्हणाला, "मामा, आता काहीच करू नका. डिलीट नाही, कॉपी नाही, फॉरमॅट तर बिलकुल नाही. पहिले डिस्क काढून ठेवा."

त्या एका वाक्याने अर्ध्याहून जास्त वाचलं. का, हे समजायला थोडा इतिहास लागतो.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 मध्ये आणली. रॅमॅक नावाच्या यंत्राचा ती भाग होती. दोन-दोन फूट रुंदीच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची फक्त 50 लाख अक्षरं. पुढे 1983 मध्ये आयबीएमचा एक्सटी संगणक 10 मेगाबाइटची डिस्क घेऊन आला आणि त्याच्यासोबत डॉसची दुसरी आवृत्ती. डिस्कचे वेगळे भाग पाडून त्यांची नोंद ठेवायची पद्धत तिथून रुळली.

ती नोंद किती मोठी? डिस्कचा अगदी पहिला तुकडा 512 बाइटचा. त्यातले फक्त 64 बाइट म्हणजे पार्टिशनचा तक्ता. चार रकाने, प्रत्येकी 16 बाइट. कोणता भाग कुठून सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. एका एसएमएसच्या निम्म्याहून कमी जागा, आणि तिच्या भरवशावर आपण लग्नाचे फोटो, पोरांचं बालपण, गावाचे कागद ठेवतो.

आपल्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे वावर. पार्टिशन म्हणजे धुरे घालून केलेल्या वाटण्या. आणि तो 64 बाइटचा तक्ता म्हणजे सातबारा. आता सातबारा जळाला तर वावर कुठे जातं? माती तिथेच असते, पीक तिथेच असतं. फक्त कोणाचं कुठून कुठपर्यंत, हे सरकारदरबारी सांगता येत नाही. मग आपण काय करतो? मोजणी बोलावतो, धुऱ्याचे जुने दगड शोधतो.

डिस्कवरही असे दगड असतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीला त्याची ओळख लिहिलेली असते आणि तिची एक प्रत त्याच पार्टिशनच्या शेवटी ठेवलेली असते. नव्या डिस्कवर जीपीटी नावाचा तक्ता असतो, त्याची तर आख्खी दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला असते. हे दगड शोधत फिरणारा मोजणीदार म्हणजे टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो 1998 मध्ये लिहायला घेतला. आजही तो फुकट आहे.

भाच्याने घाई केली नाही. आधी तेवढीच मोठी दुसरी डिस्क आणली, खराब झालेलीची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली, आणि सगळे प्रयोग नकलेवर केले. मूळ डिस्क कपाटात. टेस्टडिस्कचा वरवरचा शोध पटकन झाला, त्यात समाधानकारक काही आलं नाही. खोल शोध रात्रभर चालला. सकाळी यादीत दुसरं पार्टिशन दिसलं, फोल्डरच्या नावांसकट. फोटो आले, कागद आले. जीव भांड्यात पडला.

पहिलं मात्र आलं नाही. कारण विंडोजच्या पाचेक जीबीच्या फाइली नेमक्या डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या पार्टिशनच्या डोक्यावर लिहिल्या गेल्या होत्या. फाइलींच्या नावांचं रजिस्टर सहसा तिथेच जवळपास असतं. ते गेलं. धुरा मिटला तर शोधता येतो, पण वावरावर डांबरी रस्ता झाला तर खालचं पीक परत येत नाही.

मग त्याच ग्रेनिएंचा दुसरा प्रोग्राम, फोटोरेक. हा रजिस्टर पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक खुणेने होते, ती खूण धरून तो फाइली खणून काढतो. बरेचसे आवाज परत आले, पण नावाशिवाय. कोण बोलतंय, कोणत्या गावचं, कोणत्या तारखेचं, काही नाही. नुसते आकडे.

तेव्हापासून आम्ही त्या त्या गावात जाऊन आवाज ऐकवतो. "हे तर आमचे बुढे बाबा," कोणी म्हणतं आणि आम्ही नाव लिहितो. काही आवाज अजून बेवारस आहेत. बोलणारा माणूस राहिला नाही आणि ओळखणाराही.

आता तुम्ही म्हणाल, हे एका माणसाच्या डिस्कचं रडगाणं झालं. नाही. वर्ध्याशी जोडलेल्या एका फार मोठ्या ठेव्याबाबत, वेगळ्या तऱ्हेने, असंच घडलं होतं.

ज्या 1956 साली ती पहिली हार्ड डिस्क आली, त्याच साली भारत सरकारने गांधीजींचं समग्र वाङ्मय छापायचं काम सुरू केलं. पहिले संपादक भारतन कुमारप्पा, आपल्या मगनवाडीतल्या ग्रामोद्योग संघात काम केलेले. पुढे के. स्वामीनाथन यांनी 1960 पासून पंचवीस वर्षं हे काम ओढलं. 1994 पर्यंत इंग्रजीचे 100 खंड पूर्ण झाले, पन्नास हजारांवर पानं. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला सेगावला आले, पुढची दहा वर्षं तेच त्यांचं मुख्य ठिकाण. त्या काळातल्या खंडांत पानोपानी "सेगाव, वर्धा" लिहिलेली पत्रं आहेत. पानाला 2000 अक्षरं धरली तर सगळी 10 कोटी होतात. त्या पहिल्या हार्ड डिस्कसारख्या 20 लागल्या असत्या. 1999 च्या सुमारास हे सगळं एका सीडीवर आलं. सोबत सुधारित छापील आवृत्तीही निघाली.

आणि तिथे घोळ झाला. नव्या रचनेत कितीतरी नोंदी गळाल्या, मूळ खंडांच्या प्रस्तावना गेल्या. सीडी उघडत होती, शोध चालत होता, कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नव्हती. दीना पटेल, त्रिदीप सुहृद यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने खंड शेजारी ठेवून नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा गळती कळली. आरडाओरड झाली आणि 2005 मध्ये सरकारने सुधारित आवृत्ती मागे घेतली. मग गुजरात विद्यापीठात दीना पटेल यांच्या देखरेखीखाली मूळ 100 खंडांवरून नवी इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तयार झाली. ती 2015 मध्ये लोकांसाठी खुली झाली.

ते परत का मिळालं? कारण मूळ छापील खंड कोणी रद्दीत घातले नव्हते, आणि ताडून पाहायला माणसं होती. माझे काही आवाज परत का नाही मिळाले? कारण माझ्याकडे ताडून पाहायला दुसरी प्रतच नव्हती. एवढाच फरक आहे.

म्हणून सांगतो. पार्टिशन गायब झालं, किंवा संगणक "फॉरमॅट करायचं का" विचारू लागला, तर "नाही" म्हणा. डिस्कवर नवीन काही लिहू नका. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर परत टाकू नका. आतून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा, तिथे प्रोग्रामचं काम नाही, जाणकाराकडे न्या. एसएसडी असेल तर भरवसा आणखी कमी, फॉरमॅट केल्यावर ती मोकळी जागा आतल्या आत खरंच पुसून टाकते.

आणि त्याच्याही आधी: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम रूढ केला. मी जोडतो: बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख फाइलच्या नावावर सोडू नका. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर त्याच्याच तोंडून बोलून घ्या, आणि एका वहीत लिहा. वहीला पार्टिशन नसतं.

आपल्या जिल्ह्यात सध्या सगळीकडे स्कॅनिंग चालू आहे. ग्रामपंचायतीचे कागद, वाचनालयांचे जुने अंक, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं. चांगलंच आहे. पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत जात असेल, तर तिथे उभं राहून विचारा: दुसरी प्रत कुठे आहे? आणि ती शेवटची उघडून कोणी पाहिली? हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आमचे काही आवाज अजून बेवारस आहेत. पुलगाव, आष्टी, पवनारकडचे जुने आवाज ओळखू शकतील अशी माणसं तुमच्या घरी असतील तर कळवा. डिस्क घेऊन आम्हीच येतो. आता तिच्या तीन प्रती आहेत.