ठेवावं की विकावं?

आम्हा मालेगावकरांना रेल्वे गाठायची तर मनमाडला जावं लागतं. म्हणून खेळण्यातल्या गाडीचंही अप्रूप. अशा गाड्यांचा संग्रह घरात साठला, की प्रश्न पडतो : ठेवावा की विकावा?

पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी तिसरी वाट काढली. छोट्या गाड्यांभोवती त्यांनी अख्खं शहर वसवलं. १९८२ मध्ये गोखले हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन झालं. ते हलवणं जिकिरीचं; अखेर १९९८ मध्ये कोथरूडला कायमचं संग्रहालय उघडलं.

सुटं विकलं, तर इंजिनाला गिऱ्हाईक मिळतं. सिग्नल पडताच सुटणाऱ्या गाडीचा तो क्षण मात्र विकला जात नाही. आमच्याकडे बंद माग भंगारात किलोवर जातो. त्याची खडखड कुणी तोलून घेत नाही.

घरात चालवणारा हात असेल, तर ठेवा, पण दार उघडं ठेवा. नसेल, तर चालवणाऱ्याला द्या; मात्र अख्खं.