हॉल, गॉर्डन
हॉल, गॉर्डन : (८ एप्रिल १७८४–२० मार्च १८२६). मुंबईत स्थायिक झालेले पहिले अमेरिकन मिशनरी, बायबलचे मराठी भाषांतरकार आणि शिक्षक. अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकी एक. जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील टॉलंड येथे. विल्यम्स कॉलेजातून १८०८ मध्ये ते पदवीधर झाले. याच कॉलेजातील पाच विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये वादळात गवताच्या गंजीआड आसरा घेऊन परदेशी धर्मसेवेची प्रार्थना केली, आणि त्यातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था उभी राहिली. हॉल त्या पाचांत नव्हते. कनेक्टिकटमधील एका मंडळीने त्यांना पाळकपद देऊ केले होते. गावची बांधलेली नोकरी नाकारून त्यांनी बोर्डाकडे नाव नोंदवले आणि निघण्यापूर्वी थोडे वैद्यकही शिकून घेतले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली : जडसन, न्यूएल, नॉट, राइस आणि हॉल. दोन जहाजांनी ते कलकत्त्यास पोहोचले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मिशनरी आले की प्रजा बिथरते, ही कंपनीची जुनी धास्ती. त्यात त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेले. जडसन ब्रह्मदेशाला गेले. हॉल आणि नॉट यांनी मुंबईचे जहाज पकडले व ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले.

मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन हे बायबल प्रसाराचे पुरस्कर्ते. पण वरून हुकूम आला होता की या दोघांना इंग्लंडकडे रवाना करावे. दोघे गुपचूप कोचीनकडे निसटले, तेथून परत आणले गेले. मग हॉल यांनी अर्जांचा मारा सुरू केला. अर्जात त्यांनी कायद्याचा कीस काढला नाही; ख्रिस्ती माणूस म्हणून देवापुढे काय जबाब द्याल, असे थेट गव्हर्नरलाच विचारले. परक्या राज्यात, शत्रुराष्ट्राच्या नागरिकाने असे लिहायला छाती लागते. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि कंपनीच्या संचालकांत चार्ल्स ग्रँट यांनी बाजू घेतली, तेव्हा ते राहू शकले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. १८१४ मध्ये येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने वारले.

हॉल यांचा दिवस बाजारात, तलावाकाठी, देवळांच्या आवारात जाई. माणसे जमत, प्रश्न विचारीत, वाद घालीत आणि बहुधा आपापल्या घरी जात. अडचण मराठी बोलण्याची नव्हती, मराठी शब्दांची होती. ‘पाप’ हा शब्द तयार होता. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्यासोबत स्नान, दान आणि प्रायश्चित्तही तयार होते. हॉल यांना अभिप्रेत असलेला अर्थ त्यात बसवायचा तर आधी जुना उतरवावा लागे. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. १८१९ मधील पहिल्या बाप्तिस्म्याचा मानकरी हैदराबादचा एक मुसलमान होता. मिशनच्याच मापाने मोजले तर हे अपयश म्हणावे लागेल. मराठीच्या मापाने मात्र हिशेब वेगळा निघतो.

श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८११ मध्ये मराठी ‘नवा करार’ छापला होता. बंगालमध्ये बसून केलेले ते मराठी मुंबईकडच्या वाचकांना नीट पचेना. हॉल व सहकाऱ्यांनी मूळ ग्रीकवरून नव्याने भाषांतर हाती घेतले आणि मुंबईत छापखाना काढला. होरेशियो बार्डवेल हे छपाई जाणणारे मिशनरी येऊन मिळाले, आणि मार्च १८१७ मध्ये आठ पानांची एक पुस्तिका बाहेर पडली. पाठोपाठ शुभवर्तमाने निघू लागली. पोथी आणि मोडीचे कागद यांचीच सवय असलेल्या वाचकाच्या हाती छापील बालबोध मजकूर फुकट पडू लागला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८१५ मध्ये मिशनने मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे अशा अनेक झाल्या. शिकवणारे पंतोजी बहुधा हिंदू, वाचायला बायबल. पालक कुरकुरत, तरी अक्षर आणि हिशेब येतो म्हणून मुले पाठवीत. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची मुले या शाळांत बरीच असत. बायबलच्या जुन्या करारातील कथा त्यांच्या घरच्याच होत्या.

हॉल यांनी १८१६ मध्ये मार्गारेट ल्यूइस या इंग्लिश महिलेशी विवाह केला. मुलांची प्रकृती ढासळल्याने १८२५ मध्ये पत्नीला मुलांसह अमेरिकेस पाठवावे लागले; एक मूल वाटेतच दगावले. मार्च १८२६ मध्ये दोन स्थानिक पोरांना सोबत घेऊन हॉल नाशिककडे निघाले. तेथे पटकीचा कहर होता. जवळची औषधे वाटून संपली, तेव्हा ते परत फिरले. दुर्लीधापूर म्हणून मिशनच्या कागदांत नोंदलेल्या खेड्यात रात्री देवळाच्या ओसरीवर चटई टाकली. त्याच ओसरीवर दोन आजारी माणसे पडलेली होती. पहाटे निघायच्या तयारीत असतानाच हॉल यांना पटकीने गाठले आणि काही तासांत ते गेले. पोरांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून तेथेच पुरले. वय अवघे एकेचाळीस. मराठी ‘नवा करार’ त्याच वर्षी पूर्ण छापून झाला.

हॉल यांच्यामागे मिशनचे काम चालूच राहिले. १८२७ मध्ये मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार मुंबईत आल्या. पुढे अहमदनगरला त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळांनी जोतीराव फुले प्रभावित झाले. १८४२ मध्ये मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दहा वर्षांचा एक पोरगा खिळे घासण्याच्या कामावर लागला. त्याचे नाव जावजी दादाजी. निर्णयसागर छापखाना त्यानेच काढला.