शत्रूच्या घरची भाकरी

२० जून १९४२. लिबियातील तोब्रुकच्या आग्नेय कोपऱ्यावर रोमेलच्या हल्ल्याचा मुख्य घाव पडला. तिथे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन उभी होती. ही रेजिमेंट पुणे, सातारा, अहमदनगर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील शेतकरी घरांतून भरती करीत असे. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले.

उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या पुष्कळ भारतीयांची रवानगी इटलीत झाली. रोमच्या पूर्वेला, अब्रुझ्झोच्या डोंगरांत, अवेझ्झानो येथे भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, पहारे ढिले पडले आणि जर्मन ताबा घट्ट होण्यापूर्वी अनेक कैदी रानोमाळ झाले.

अब्रुझ्झो हा मेंढपाळांचा मुलूख. थंडी पडू लागली की कळप अपुलियाच्या सपाटीकडे उतरत, उन्हाळ्यात पुन्हा डोंगर चढत. दिवाळीनंतर बारामती-इंदापूरच्या जिरायत भागातून मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे धनगर ज्याने पाहिले असतील, त्याला हे जगणे उलगडून सांगावे लागले नसते.

गावकऱ्यांनी या माणसांना गुहांत, गोठ्यांत लपवले. कैदी पकडून देणाऱ्यास १,८०० लिऱ्यांचे इनाम होते. आसरा देणाऱ्यास मृत्युदंड. त्यातून गोरा कैदी शेतकऱ्याचे जुने कपडे चढवून गर्दीत मिसळू शके. भारतीयाला तीही सोय नव्हती. त्याला दारात घेणे म्हणजे उघड जोखीम पत्करणे होते. आणि घरात अन्न तरी कुठे मुबलक होते?

मग का? याचे उत्तर इटालियन कुटुंबांच्या आठवणींत वारंवार येते: आमचाही मुलगा कुठेतरी कैदेत आहे, त्याच्याही तोंडी कुणी घास घालीत असेल. हे निव्वळ भाबडेपण नव्हते. त्याच काळात ६०,००० हून अधिक इटालियन युद्धकैदी भोपाळ, डेहराडून, योल, बंगळूर इथल्या छावण्यांत, म्हणजे भारतातच होते!

निरोप घेताना कैदी अनेकदा यजमानांच्या हाती चिठ्ठी देत: या घराने मला सांभाळले. युद्धानंतर दोस्तराष्ट्रांच्या खास आयोगाने अशा चिठ्ठ्या व दावे तपासून भरपाई दिली. सोबत फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या सहीचे आभारपत्रही मिळे.