राजाची खुर्ची आणि घराची पायरी

गोव्याचा एक राजा चाकांच्या खुर्चीतून फिरत असे, असे सांगितले तर चटकन कोणी विश्वास ठेवणार नाही. पण ते खरे आहे. स्पेनचा दुसरा फिलिप १५८१ साली पोर्तुगालचाही राजा म्हणून मान्य झाला आणि मांडवीकाठचे गोवे आपसूक त्याच्या राज्यात आले. उतारवयात गाऊटच्या दुखण्याने त्याचे पाय धरले, तेव्हा १५९५ च्या सुमारास त्याच्यासाठी खास खुर्ची तयार झाली. पाठ मागे कलणारी, पाय लांब करून ठेवायला आधार आणि खाली लहान चाके. दरबारातल्या लेर्मित नावाच्या गृहस्थाने तिचे चित्र काढून ठेवले आहे.

राजाला ती स्वतःच्या हाताने हलवता येत नव्हती. त्याची गरजही नव्हती. ढकलायला नोकर होते.

त्याच काळात इथे गोव्यात काय होते? लिन्शोटेन हा डच माणूस १५८३ मध्ये इथल्या आर्चबिशपच्या पदरी आला. १५९६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पालखीतून मिरवणाऱ्या पोर्तुगीजांची चित्रे आहेत. पालखीला पायरीची अडचण नसते, कारण पायरी चढतो तो भोई. ज्याच्यापाशी भोई, त्याला सारे गाव मोकळे. ज्याच्यापाशी नाहीत, त्या पांगळ्याने घरात बसून राहावे.

खुर्चीने ही परस्वाधीनता हळूहळू मोडली. न्यूरेंबर्गचा स्टेफान फार्फलर हा घड्याळजी स्वतः पायांनी अधू होता. १६५५ च्या सुमारास त्याने हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी गाडी बनवली. खाणीतल्या अपघातात पाठ मोडून पायांनी अधू झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघा अमेरिकन इंजिनिअरांनी १९३३ मध्ये नळ्यांची, घडी होणारी खुर्ची काढली. ती मोटारीत टाकून कुठेही नेता येऊ लागली. आता माणसाला ढकलणारा लागेना. पण जमीन मात्र पालखीच्या काळातलीच राहिली.

आपल्याकडे हे विशेष जाणवते. गोव्यात पाऊस भरपूर, म्हणून चिऱ्यांचे जोते उंच आणि घरात शिरायला चारपाच पायऱ्या. देवळे, चर्चेस, जुनी कचेरी, सगळीकडे तीच तऱ्हा. उताराचा हिशेब साधा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फुटांचा उतार हवा. दारात नुसती फळी टाकून भागत नाही. अशा घसरगुंडीवरून खुर्ची मागे उलटते. म्हणजे उताराची जागा नकाशा काढतानाच राखायला हवी.

देशात अपंगांसाठीचा कायदा १९९५ साली झाला. जावेद अबिदी हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते. विमानतळांवरील सोयींसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश मिळाले. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. अबिदींनी पाठपुरावा केला आणि दिल्लीत कुतुबमिनार, जंतरमंतर येथे लाकडी उतार उभे राहिले. शतकानुशतके उभ्या असलेल्या वास्तूंना काही दिवसांत उतार लागू शकतो, हे त्यावेळी साऱ्या देशाने पाहिले. मग आधी का लागला नाही? कारण मागणारा जगप्रसिद्ध नव्हता. फिलिप राजाचेच तंत्र हे.

पुढे २०१६ चा नवा कायदा आला. पण त्याखालच्या नियमांत सुलभतेचे निकष सक्तीचे नव्हते, केवळ शिफारशीवजा होते. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला. देशभरातली दिव्यांग माणसे आली, गायली, नाचली. फार चांगले झाले. पण जत्रा झाली की मांडव उठतो, हे गोंयकाराला सांगायला नको. उतार मांडवाचा नको, चिऱ्यांचा हवा. पंचायतीत दाखला काढायला येणाऱ्या म्हातारीसाठी तो रोज तिथे असला पाहिजे. तिच्यापाशी ना भोई, ना नोकर, ना हॉकिंगचे नाव.