शारीर परिभाषा, मराठी

मानवी शरीराची रचना व कार्य यांच्या वर्णनासाठी मराठीत योजिलेल्या शास्त्रीय संज्ञांचा समूह. शरीराच्या रचनेच्या अभ्यासास ‘शारीर’ व अवयवांच्या कार्यांच्या अभ्यासास ‘शरीरक्रियाविज्ञान’ म्हणतात. कोशिका, ऊतक, अवयव व तंत्र या चढत्या पायऱ्यांनी दोन्ही शास्त्रांत शरीराचा विचार केला जातो. शालेय पुस्तकांत यांपैकी काहींसाठी पेशी, ऊती व संस्था या संज्ञा रूढ आहेत.

प्राचीन वारसा : यातील पुष्कळ शब्द आयुर्वेदातून आलेले आहेत. शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून नंतर त्याचे थर हळूहळू घासून काढीत निरीक्षण करण्याची पद्धत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितली आहे. सुश्रुतांनी अस्थींची संख्या ३००, तर चरकांनी ३६० दिली आहे. प्रौढ माणसात आज ती साधारणतः २०६ मानतात. दात व कूर्चा यांसारख्या भागांची गणना पूर्वी अस्थींतच होत असल्याने हा फरक बराचसा व्याख्येचा आहे.

अर्थांतर : शब्द जुना राहून अर्थ बदलल्याचे ठळक उदाहरण रोहिणी व नीला या संज्ञांचे होय. सुश्रुतांनी सिरांचे चार प्रकार केले : वातवाहक त्या अरुणा, पित्तवाहक त्या नीला, कफवाहक त्या गौरी व रक्तवाहक त्या रोहिणी. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचे विवेचन प्रसिद्ध केल्यानंतरच्या शास्त्रात मात्र हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी व हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी हाच भेद महत्त्वाचा ठरला. मराठीने पहिलीस रोहिणी व दुसरीस नीला म्हटले. त्यामुळे जुन्या ग्रंथातील ‘नीला’ आजच्या अर्थाने वाचल्यास मूळ विधानाचा विपर्यास होतो. प्राचीन ग्रीसमध्येही रोहिण्यांत वायू असतो असे काही वैद्य मानीत. कल्पना बदलली, तरी नाव टिकले.

आधुनिक काळ : मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी संस्था निघाली परंतु ती १८३२ मध्ये बंद झाली. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षणाचे मुख्य माध्यम इंग्रजी राहिले. त्यामुळे शवविच्छेदनाच्या मेजाशी मराठी शब्दांचा सतत वापर होऊन ते घासूनपुसून निश्चित होण्याची संधी फारशी मिळाली नाही. संज्ञा पुढे मुख्यतः कोशकारांनी व पाठ्यपुस्तककारांनी घडविल्या. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश तयार केले. मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकरूपतेचा प्रश्न : एकाच रचनेस मराठीत तंत्रिका, चेता व मज्जातंतू अशी तीन नावे आहेत. आयुर्वेदात ‘मज्जा’ हा अस्थींच्या पोकळीतील धातू असून ‘अस्थिमज्जा’ या संज्ञेत तोच अर्थ टिकून आहे. ‘मज्जातंतू’ व ‘मज्जासंस्था’ या शब्दांत मात्र तिचा संबंध मेंदू व तंत्रिकांशी जोडलेला आहे. साहजिकच ‘मज्जेचा विकार’ एवढेच म्हटल्यास तो हाडातील की तंत्रिकांतील, हे रुग्णाच्या नातलगांस कळत नाही. संज्ञा संस्कृत असो वा लोकभाषेतील, तिने एकाच वस्तूचा निर्देश केला पाहिजे, ही परिभाषेची पहिली कसोटी होय.