खटारा आणि बैलजोडी

आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणून गाव त्यांना 'भाई' म्हणायचं. आजीची मात्र पंचाईत. नवऱ्याला भाई कसं म्हणायचं? शेकापची निशाणी खटारा, काँग्रेसची बैलजोडी. भोगावतीकाठच्या आमच्या गावात प्रचारातली निम्मी थट्टा त्यावरच चालायची: ह्यांच्या खटाऱ्याला बैल न्हाईत, त्यांच्या बैलास्नी खटारा न्हाई.

घरच्या गोष्टींत १९५७ हे सगळ्यात मोठं साल. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात जेमतेम तरले. कोल्हापूर तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ. शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे एस. के. दिगे, दोघेही समितीचे, दिल्लीला गेले. थोरली आत्ती सांगायची, त्या दिवशी तव्यातल्या भाकरीलाबी गुलाल लागला हुता.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ च्या निवडणुकीत, राज्य मागताना ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांनाच लोकांनी घरी बसवलं. विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला, शेकापला १५. समिती आधीच फुटली होती, उरलेल्यांत भांडणं होती. आजोबा चिडले नाहीत म्हणे. "मागितल्यालं मिळालं, आता कशाला मत देत्यात?" एवढंच बोलले. निपाणी-बेळगाव बाहेर राहिलं, ते मात्र त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

खरा घाव पुढचा. यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आधीच काँग्रेसमध्ये परतले होते; आता गावोगावचे भाई निघाले. साखर कारखाना, सोसायटी, जिल्हा परिषद यांच्याशी वाकडं घेऊन ऊसवाल्याला जगता येत नव्हतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. तोड लांबली की उसाचं वजन घटतं, ते काही शेकापचा मार्क्स भरून देत नाही. सीमालढ्यात आजोबांच्या खांद्याला खांदा लावणारा जिवलग दोस्त जाण्याआधी घरी येऊन बसला. "येतोस का, गा?" आजोबा म्हणाले, "च्या पी."

मला आजोबांचं तेव्हाचं एकटेपण २०२४ मध्ये कळलं. उन्हाळ्यात काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना लोकसभेवर पाठवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात नोव्हेंबरात काँग्रेसचा एकही आमदार निवडून आला नाही. हार-जीत चालायचीच. पण उमेदवारांची यादी वाचताना कोण कुठून कुठं गेला हेच आठवावं लागत होतं. शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, धनुष्यबाण आणि घड्याळ वेगळ्याच हातांत गेलं. आजोबांचे दोस्त पक्ष सोडून गेले, पण खटारा जागेवर होता. आता पक्षच नाव-निशाणीसकट उठून जातो आणि न हललेला मतदार परका ठरतो.

१९७७ ला शेकापचे दाजिबा देसाई कोल्हापुरातून लोकसभेवर गेले. पोरं आजोबांना मिरवणुकीला न्यायला आली. आजोबांनी गुलाल लावून घेतला, पण उंबरा ओलांडला नाही. मिरवणुकीच्या पुढं कारखान्याची मंडळी नाचत होती. "पुढल्या खेपंला जातीलच की म्हागारी," म्हणाले. १९८० ला जागा काँग्रेसकडं परत गेली, मंडळीही.